जोडरस्त्याच्या टोकाला

मास्तरांनी जावयाला गाडीत बसवून घेतलं ते शिकवायला नव्हे, नापास करायला. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि दाखवायची गरजही नव्हती. ज्या सकाळी जावई त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात येऊन उभा राहिला, त्या सकाळी मास्तर खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाले,

"या जावईबापू. कुणाला चिरडायचं राहिलंय अजून?"

दोन बायका आणि एक कॉलेजातली मुलगी बाकावर आपापल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या. तिघींनी माना खाली घातल्या. जावयाने चप्पल दाराबाहेर नीट काढली, आत आला आणि म्हणाला, "मी तिच्यासाठी आलोय, अप्पा. तुमच्यासाठी नाही."

"तेवढं मला कळतं," मास्तर म्हणाले. "तिच्यासाठीच मीही इथं बसून आहे. नाहीतर तुम्हाला दाराबाहेरूनच वाटेला लावलं असतं."

मास्तरांची शाळा म्हणजे एक खोली. डाव्या हाताला चपलांचं दुकान, उजव्या हाताला दवाखाना, आणि मधे ही. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते, टेबलावर खेळण्यातल्या चार गाड्या. त्या सरकवून मास्तर लेन कशा बदलायच्या ते दाखवायचे. निम्मं शहर त्यांच्या शिव्या खातच गाडी शिकलं होतं. डॉक्टर, वकील, भाजीवाले, सगळ्यांना एकच माप. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला सांगायचे, "हा माझा ब्रेक. माझा पाय हलला, की समजायचं आपण मेलो होतो, मास्तरांनी परत आणलं."

जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टर माप पाठवायचे आणि हा आपल्या छोट्या लॅबमध्ये बसून दात घडवायचा. बोटं कायम प्लास्टरने पांढरी. लग्न ठरलं तेव्हा मास्तर पाहुण्यांना हसत सांगायचे, "आमचा जावई दुसऱ्यांच्या बत्तिशीवर पोट भरतो, पण स्वतःची बत्तिशी कधी दाखवत नाही." तेव्हा त्यात माया होती. आता त्याच माणसाचं नुसतं नाव निघालं तरी मास्तर दातओठ खायचे.

कारण असं की, दोन वर्षांपूर्वी या जावयाने भर हायवेवर गाडी मागे घेतली होती. बाहेर पडायचा फाटा चुकला, चार पावलं पुढे गेला, थांबला आणि कडेकडेने रिव्हर्स यायला लागला. मागून दुधाचा टँकर आला. टँकरवाल्याने वळवायचा प्रयत्न केला, पण वेगात असलेल्या टँकरला तेवढी जागा कुठली? गाडीची डावी बाजू चेपली. डाव्या बाजूला मास्तरांची मुलगी होती.

ही मुलगी पोहायला शिकवायची. पाण्यात उतरली की मासोळी. तिच्या कमरेच्या डाव्या हाडात आता धातूची पट्टी होती आणि हातात काठी. जावयाला चार टाके पडले, बस्स. कोर्टाने त्याचा परवाना काढून घेतला. मुदत संपली की पहिल्यापासून परीक्षा द्यायची, असं सांगितलं. मुदत संपली तेव्हा मास्तर मनात म्हणाले, बरं झालं, आता याची हिंमत व्हायची नाही.

हिंमत मुलीने केली. पाण्यातल्या व्यायामासाठी तिला शेजारच्या शहरातल्या तलावावर जावं लागे. दोन बस बदलायच्या, सोबत आई, आणि प्रत्येक पायरीला कुणाचा तरी हात. एक दिवस जेवताना ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, तुम्ही ह्यांना शिकवा."

"शहरात दुसऱ्या शाळा ओस पडल्या नाहीत."

"दुसरे परीक्षेपुरतं शिकवतात. मला ह्यांच्या शेजारी बसायचंय."

"पुन्हा?" मास्तरांचा घास हातातच राहिला. "तुला अक्कल आहे का?"

"नाही शिकवलंत तर मी या घरात पाय ठेवणार नाही. तसाही एकच धड आहे, तोही ठेवणार नाही."

तिची आई उठून आत गेली. आत भांडी आपटल्याचा आवाज आला. मास्तरांनी ताट सारलं आणि म्हणाले, "पाठव त्याला."

पहिले काही धडे आतल्या रस्त्यांवर झाले. मास्तरांची जीभ म्हणजे दुधारी सुरी. जावयाने आरसा बघितला तर म्हणायचे, "चेहरा बघताय की रस्ता?" नाही बघितला तर म्हणायचे, "बरोबर आहे, मागे काय चाललंय याच्याशी तुमचा संबंध कधी होता?" चौकात गाडी बंद पडली, की स्वतःच्या हाताने किल्ली फिरवायचे आणि सोबत किल्ली दिल्यावरच टाळ्या वाजवणाऱ्या खेळण्यातल्या माकडाचा किस्सा सांगायचे. जावई मूग गिळून बसायचा. त्याच्या गप्प बसण्याने मास्तर आणखी पेटायचे. वादाला वाद मिळाला असता तर निदान थोडी वाफ निघून गेली असती.

मग हायवेची पाळी आली.

शहराबाहेर तो मोठा रस्ता होता. मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन, आणि कुणी कुणासाठी न थांबता वाहणारी गाड्यांची धार. त्याला येऊन मिळणारा जोडरस्ता टेकाडावरून वळत खाली उतरायचा. जोडरस्ता सुरू होण्याआधी मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि त्यांनाही नकळत ते मास्तर झाले. शिकवायला लागले की त्यांचा राग क्षणभर कुठेतरी बाजूला बसत असे.

"नीट ऐका. हा रस्ता थांबायचा नाही, वेग धरायचा आहे. खाली उतरतानाच उजवीकडे बघायला लागायचं. मोठ्या रस्त्यावरची धार किती वेगाने चाललीय, तिच्यात भोक कुठे आहे, हे आधी हेरायचं. इंडिकेटर द्यायचा. त्यांच्या वेगाला आपला वेग आणायचा. मग आरसा, आणि आरशानंतर खांद्यावरून मान वळवून एक नजर, कारण आरशाला जी जागा दिसत नाही तिथेच मरण बसलेलं असतं. भोक सापडलं की हळूच आत सरकायचं. ढुशी मारायची नाही. रस्ता त्यांचा आहे, आपण पाहुणे. त्यांनी जागा दिली तर उपकार, नाही दिली तर आपण आपला वेग कमीजास्त करून मागच्या भोकात जायचं. आणि शेवटचं म्हणजे टोकाला जाऊन थांबायचं नाही. थांबलात की शून्यापासून त्या धारेत उडी मारावी लागते. कळलं?"

"कळलं."

"बघू."

कळलं होतं, पण पायाला कळलं नव्हतं. गाडी उतार उतरली, जावयाने इंडिकेटर दिला, मान वळवली, आणि उजवीकडून एक टँकर येताना दिसला. तो दुधाचा होता की तेलाचा, देव जाणे. जावयाचा पाय ब्रेकवर गेला तो तिथेच रुतला. गाडी जोडरस्त्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मागच्या गाडीने करकचून ब्रेक दाबला, हॉर्न वाजायला लागले, कुणीतरी खिडकीतून आईमाई उद्धारली.

"वा, जावईबापू!" मास्तर शांतपणे म्हणाले. "जागा छान निवडलीत. इथंच बिऱ्हाड थाटायचं का?"

मास्तरांना मदत करता आली असती. मागच्यांना कळावं म्हणून चारी दिवे लावा, मोठी फट येईपर्यंत थांबा, घाई करू नका, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला त्यांनी सांगितलं असतं. आज ते हाताची घडी घालून बसले आणि त्याच्या कानशिलावरून घाम ओघळताना बघत राहिले. पोटात एक थंडगार समाधान पसरलं. शेवटी जावयाने स्वतःच दिव्यांचं बटण शोधलं, थांबला, आणि बरीच मोठी फट मिळाल्यावर गाडी आत घातली.

"उद्या यायचं की पुरे झालं?" परत आल्यावर मास्तरांनी विचारलं.

"उद्या येतो."

तो आला, आणि त्यानंतरही येत राहिला. माणूस हाताचा कारागीर. एकच दात शंभर वेळा घासायची सवय असलेला. जोडरस्ताही त्याने तसाच घासून घासून गुळगुळीत केला. आता तो उतारावर असतानाच फट हेरायचा, वेग जुळवायचा आणि गाडी अशी आत सरकवायचा की मागच्याला ब्रेकला पाय लावायची वेळ येऊ नये. मास्तरांना चूक सापडेना. चूक सापडत नाही म्हणून त्यांचं जेवण बेचव झालं.

म्हणून त्यांनी सापळा लावला.

हायवेवरून बाहेर पडण्याचा धडा होता. त्याचा नियम सरळ आहे. फाट्याच्या पाट्या आधीपासून दिसायला लागतात, त्या दिसल्या की वेळेत डाव्या लेनमध्ये यायचं, इंडिकेटर द्यायचा, पण मोठ्या रस्त्यावर असेपर्यंत वेग कमी करायचा नाही. वेग कमी करायचा तो बाहेरच्या लेनमध्ये शिरल्यावर. आणि तिथे वेगाच्या काट्याकडे बघून करायचा, कारण बराच वेळ पळाल्यावर डोळ्यांना वेग हा वेगच वाटेनासा होतो. हे सगळं मास्तरांनी शिकवलं होतं. त्या दिवशी मात्र पाट्या आल्या तरी ते बोलले नाहीत. जावयाने विचारलं, "इथून बाहेर?" तर म्हणाले, "सरळ चला." जावई एका लॉरीला मागे टाकायला उजव्या लेनमध्ये गेला. लॉरी मागे पडली, फाट्याचे पांढरे पट्टे सुरू झाले, आणि मास्तर एकदम ओरडले,

"इथून! डावीकडे घ्या! बाहेर काढा, बाहेर!"

जावयाची बोटं स्टिअरिंगवर आवळली. पण गाडी सरळच राहिली. फाटा डाव्या हाताने निघून गेला.

"हुकला," तो म्हणाला. "पुढच्या फाट्याने परत येऊ."

"पुढचा फाटा फार लांब आहे. कडेला घ्या आणि मागे या. मागे कुणी नाही."

जावई समोरच बघत राहिला.

"मागे घ्या म्हणतोय ना! तुम्हाला येतं की ते! सराव आहे तुम्हाला!"

मास्तरांचा पाय त्यांच्या ब्रेकवर तयार होता. गाडीचा वेग थोडा जरी कमी झाला असता, तरी त्यांनी तिथल्या तिथे धडा संपवला असता आणि घरी जाऊन मुलीला म्हटलं असतं, बघ, मी सांगत होतो ना? पण वेग कमी झाला नाही. जावयाचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला होता. तो डाव्या लेनमध्ये आला आणि पुढचा फाटा येईपर्यंत तसाच राहिला. मग इंडिकेटर, बाहेरची लेन, ब्रेक. कुठे बोट ठेवायला जागा नाही. बाहेर पडल्यावर एक पेट्रोल पंप होता. त्याने हवा भरायच्या जागेशी गाडी उभी केली, किल्ली काढली आणि खाली उतरला. मास्तरही उतरले.

"तुम्ही मला शिकवायला बसत नाही," जावई म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. "तुम्ही मला पकडायला बसता."

"मग? पकडायलाच बसलोय! एकदा सुटलास म्हणून—" मास्तर 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले ते त्यांनाही कळलं नाही. "माझी पोर पाण्यात होती तेव्हा लोक काठावर उभे राहून बघायचे. आता काठी टेकत संडासाला जाते. का घेतलीस गाडी मागे? दोन वर्षं झाली, एकदा तरी तोंड उघड. का घेतलीस?"

"खरं सांगू?"

"सांग!"

"तुमच्याकडे जेवायला येत होतो. आधीच उशीर झाला होता. पुढच्या फाट्याने वळून यायचं तर आणखी उशीर. दारात पाऊल टाकल्यावर तुम्ही काय काय बोलाल ते मला तोंडपाठ होतं. गाडी चालवता येत नाही, वेळ पाळता येत नाही, दात कोरत बसा. सगळ्यांसमोर. ते ऐकायला नको म्हणून घेतली."

हवा भरणारा माणूस हातातली नळी तशीच धरून दोघांकडे बघत होता.

"म्हणजे माझ्यावर ढकलतोस?" मास्तरांची कानशिलं तापली.

"ढकलत नाही. गिअर माझ्या हातात होता. चूक माझी, आणि ती मी मरेपर्यंत फेडणार आहे, तिच्याकडे, तुमच्याकडे नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं." त्याने किल्ली गाडीच्या टपावर ठेवली. "तुम्ही घेऊन जा गाडी. मी बसने येईन."

आणि तो रस्ता ओलांडून चालता झाला.

मास्तर घरी आले ते तणतणतच. बायकोला सगळं ऐकवलं, अर्थात आपल्या सोयीने. जावई कसा उलटून बोलला, किल्ली कशी टाकून गेला. बोलण्याच्या भरात सापळ्याचंही बोलून गेले. "मी मुद्दाम म्हटलं, मागे घे. बघावं म्हटलं, रक्तातली खोड जाते का."

बायको फडक्याने ओटा पुसत होती. तिचा हात थांबला. "अहो, आणि त्याने घेतली असती तर?"

"माझा ब्रेक होता ना."

"टँकरलाही ब्रेक होता," ती म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली. एकटी, रिक्षाने. दाराची पायरी चढायला तिला वेळ लागला. मास्तर उठले तसं तिने काठीनेच त्यांना बसा म्हणून खुणावलं.

"तुझ्या नवऱ्याने चुगली केली वाटतं."

"ते तर काहीच बोलले नाहीत. आईने फोन केला." तिने काठी टेबलावर आडवी टाकली. खेळण्यातली एक गाडी खाली पडली. "उद्या मला तलावावर जायचंय. हे गाडी चालवतील, तुम्ही शेजारी बसाल आणि मी मागे बसेन. मग काय सापळा लावायचा तो लावा. सांगा मागे घ्यायला. तुमच्या तोंडाने सांगा, मी मागे बसलेली असताना."

"पोरी, तुला कळत नाही—"

"मला सगळं कळतं. तुम्हाला माझ्यासाठी राग येत नाही, अप्पा. तुम्हाला राग धरायला आवडतो. माझा पाय नसता तर दुसरं काहीतरी धरलं असतंत."

असं त्यांना आजवर कुणी बोललं नव्हतं. मास्तरांनी खाली पडलेली गाडी उचलून टेबलावर ठेवली. मुलगी आली तशीच काठी टेकत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. मुलगी जावयाच्या मागे, उजव्या खिडकीशी बसली होती. शिकवायच्या गाडीत मास्तरांसाठी एक जादा आरसा असतो. त्यात मास्तरांना रस्ता दिसायला हवा, पण आज तिचाच चेहरा दिसत होता. तो त्यांनी दोनदा हलवून बघितला आणि सोडून दिला.

जोडरस्ता आला. जावयाने उतारावर वेग धरला, इंडिकेटर दिला, उजवीकडे बघितलं. डाव्या लेनमध्ये लोखंडी सळ्या लादलेला लांबलचक ट्रेलर होता. त्याच्या पुढे जाण्याइतकी जागा आधी दिसत होती. पण ट्रेलरवाल्याने ह्यांना बघितलं आणि जागा द्यायची सोडून उलट वेग वाढवला. असे असतात काही. जावयाने ते ताडलं. वेग जरासा सोडला, ट्रेलरला पुढे जाऊ द्यायचं आणि त्याच्या मागच्या फटीत शिरायचं, हा त्याचा बेत होता, आणि तो बरोबर होता. दुसरं कुणी चालवत असतं तर मास्तरांनी मान डोलावली असती.

पण मास्तर रस्ता बघतच नव्हते. त्यांना आरशात मुलीच्या गालाशी ट्रेलरची चाकं फिरताना दिसली. माणसाच्या छातीएवढी चाकं, एकामागून एक. तिने डोळे मिटले. आणि मास्तरांचा पाय आपोआप गेला. दिवसातून दहा वेळा 'टोकाला थांबायचं नाही' म्हणून घसा फोडणाऱ्या माणसाने ब्रेक खच्चून दाबला.

गाडीने गचका खाल्ला. मागून येणाऱ्या टेम्पोचे टायर किंचाळले. त्याच्या समोरच्या काचेने मागची अख्खी खिडकी भरून टाकली.

"अप्पा, पाय काढा!"

मास्तरांना ऐकू आलं, पण पाय ऐकेना.

"अहो, पाय काढा!" जावयाने डाव्या हाताने त्यांचा गुडघा धरला आणि सारा जोर लावून बाजूला ढकलला. पाय सुटला. लगेच त्याच हाताने गिअर खाली, उजव्या पायाने वेग, खांद्यावरून एक नजर. ट्रेलरचं शेपूट पुढे गेलं होतं, त्याच्यामागे फट होती, तोकडी, पण होती. गाडी तिच्यात शिरली. टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बाजूने निघून गेला. त्याने तोंडाने काय म्हटलं ते काचेतूनही समजलं.

"लागलं का तुला?" जावयाने मागे न बघता विचारलं.

"नाही. तुम्ही पुढे बघा."

तलावाचा फाटा आला, पाट्या आल्या, जावयाने सगळं नियमाने केलं. तलावाच्या दाराशी गाडी थांबली. मुलगी उतरली, काठी घेतली, वाकून मास्तरांच्या खिडकीशी आली. तिचे ओठ अजून पांढरे होते.

"आता कळलं?"

"काय?"

"पाय कसा जातो ते," ती म्हणाली आणि वळली.

दोघे पुरुष गाडीत बसून राहिले. आतून पोरांचा आणि पाण्याचा आवाज येत होता. मास्तर आपल्या गुडघ्याकडे बघत होते. पॅंटवर पाच बोटांचा पांढरट ठसा उमटला होता.

"तुम्ही मला ढकललंत," ते म्हणाले.

"हो."

"परीक्षेत बाजूच्या माणसाला हात लावलात तर जागच्या जागी नापास."

"परीक्षेत बाजूला तुम्ही नसाल."

मास्तरांना संताप आला, आणि त्या संतापात हसूही आलं, पण ते त्यांनी खिडकीबाहेर बघून गिळलं. माफी मागावी असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, पण दातांच्या आतच राहिलं. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परीक्षेला नाव घालतो."

"घाला."

जावई पास झाला. परीक्षा घेणारा साहेब मास्तरांच्या ओळखीचा होता, तो नंतर म्हणाला, "तुमच्या जावयाचा हात छान आहे हो." मास्तर म्हणाले, "मी शिकवलंय," आणि म्हणताना त्यांना स्वतःचंच तोंड कडू लागलं. जावई पेढ्याचा पुडा घेऊन आला नाही, नमस्काराला वाकला नाही. शाळेच्या दारात उभं राहूनच त्याने सांगितलं की परवाना हातात आला, यापुढे तिला मी नेईन, आईंना बसने यायची गरज नाही. "जपून," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडून मला आता काही शिकायचं नाही," जावई म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. त्यानंतर तो त्यांच्या घरी जेवायला कधी आला नाही. मुलगी यायची, आईशी बोलायची, बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की जायची. मास्तर खिडकीपर्यंत जात आणि परत फिरत.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. मास्तर एका बेकरीवाल्याला हायवे शिकवत होते. माणूस पावासारखाच फुगलेला, शब्दाशब्दाला घाबरणारा. गाडी मोठ्या रस्त्यावर डाव्या लेनमधून चालली होती आणि मास्तर नेहमीप्रमाणे त्याची पिसं काढत होते. समोर टेकाडावरून जोडरस्ता खाली उतरत होता. त्यावरून एक जुनी निळी गाडी येत होती, मागेपुढे लाल 'एल' लावलेली. बिनगिअरची, बिनक्लचची गाडी. डावा पाय अधू असला तरी चालते ती. इंडिकेटर लागलेला होता, पण वेग कमी पडत होता.

गाडी जवळ आली तसं मास्तरांनी बघितलं. स्टिअरिंगवर त्यांची मुलगी होती. शेजारी जावई. तो ओरडत नव्हता, हात हलवत नव्हता. नुसता काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत होती.

मास्तरांच्या घरात जन्मलेली पोर. सोळाव्या वर्षी एकदाच त्यांच्या गाडीत बसली होती, अर्ध्या तासात रडत उतरली होती आणि पुन्हा म्हणून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता शिकायचं ठरवलं, तर शिकायला बसली ती कुणाकडे!

"मास्तर, ती गाडी आत घुसतेय," बेकरीवाला घाबरून म्हणाला. "हॉर्न देऊ?"

"हॉर्नला हात लावाल तर बोट मोडीन," मास्तर खेकसले. "उजवी लेन रिकामी आहे का? आरसा बघा. खांद्यावरून बघा. नाही ना? मग वेग सोडा. हळू, ब्रेक नको, नुसता पाय उचला. जागा करा तिला."

बेकरीवाल्याने पाय उचलला. पुढे फट पडली. निळी गाडी क्षणभर चाचरली, मग वेग धरून आत सरकली, जराशी वाकडी, पण सरकली. मागच्या काचेतून जावयाने आरशात बघितल्यासारखं वाटलं. ओळखलं की नाही, कोण जाणे. हात कुणी केला नाही.

"ओळखीचे आहेत का?" बेकरीवाल्याने विचारलं.

"तुम्ही समोर बघा," मास्तर म्हणाले. "आणि अंतर ठेवा. तिने ब्रेक मारला तर काय कराल? ठेवा म्हणतो ना अंतर!"